दोन खांबांमधलं अंतर आणि दबावाचं राजकारण

वरळी कोळीवाड्यातल्या नाखवांची मागणी ऐकायला साधी होती. किनारी रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडणारा पूल त्यांच्या क्लीव्हलँड बंदरासमोरून जाणार होता. दोन खांबांत ६० मीटर अंतर पुरे, असं मुंबई महापालिका म्हणत होती. नाखवा १६० मीटर मागत होते. वारा आणि ओढ फिरली की होडी सरळ चालत नाही. त्यातून समोरून दुसरी होडी आली, तर दोन्ही खांबांवर आदळण्याची भीती. न्यायालयाच्या वाऱ्या झाल्या, बैठका झाल्या, होड्या मध्ये घालून समुद्रातलं काम अडवून झालं. अखेर डिसेंबर २०२२मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तोडगा जाहीर केला : मधला एक खांब वगळायचा आणि अंतर १२० मीटर ठेवायचं.

हा प्रश्न एकट्या वरळीचा नाही. वांद्र्याहून निघणारा सुमारे १७ किलोमीटरचा नवा सागरी सेतू वर्सोव्याला, म्हणजे कोळ्यांच्या वेसाव्याला येतो आहे आणि तिथून पुढे दहिसर-भाईंदरकडे महापालिकेचा रस्ता जाणार आहे. वरळीत जे घडलं, त्याच्याशी उद्या वेसावकरांची गाठ आहे.

निवडणूक लढवून सत्ता घ्यायची नाही, पण सत्तेवर असलेल्याला आपलं म्हणणं मानायला लावायचं, असं काम करणाऱ्या संघटनेला राज्यशास्त्रात दबावगट म्हणतात. त्याचं सगळ्यात ठळक रूप अमेरिकेत दिसतं. सरकारपुढे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क तिथल्या राज्यघटनेत १७९१च्या पहिल्या दुरुस्तीपासून आहे, आणि त्या हक्कावर आज एक मोठा धंदा उभा आहे. केंद्रीय पातळीवरच्या लॉबिंगचा नोंदलेला खर्चच अलीकडे वर्षाला चार अब्ज डॉलरच्या वर जातो. या गटांची ताकद किती? डिसेंबर २०१२मध्ये सँडी हूक शाळेत २० मुलं आणि सहा मोठी माणसं गोळीबारात मारली गेली. चारच महिन्यांनी बंदूक खरेदीदाराची पार्श्वभूमी अधिक कडकपणे तपासण्याचा प्रस्ताव सिनेटपुढे आला. बाजूने ५४ मतं पडली, लागत होती ६०. बंदूकधारकांची संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, जिंकली. लोकांच्या बहुमतापेक्षा संघटित अल्पमत कसं वरचढ ठरतं, याचं इतकं क्लेशदायक उदाहरण दुसरं शोधावं लागेल.

वेसाव्याचं बळ पैशाचं नाही. मांडवी गल्ली, बाजार गल्ली, डोंगरी गल्ली अशा गल्ल्यांत बांधलेली ही वस्ती मच्छीमार सहकारी सोसायट्यांशी जोडलेली असते. डिझेलवरच्या कराचा परतावा सोसायटीमार्फत मिळतो, त्यामुळे होडीवाला संघटनेबाहेर सहसा राहत नाही. त्यावर महाराष्ट्र मच्छीमार कृती समिती आणि देशपातळीवर नॅशनल फिशवर्कर्स फोरम. मोर्चात पुढे असतात त्या टोपल्या घेऊन बाजारात बसणाऱ्या कोळणी. मासळीचा भाव ठरवणाऱ्या या बायकांशी बोलताना अधिकाऱ्यालाही तयारीनं यावं लागतं.

या बळानं केंद्र सरकारलाही एकदा माघार घ्यायला लावली आहे. १ मे २००८ रोजी दिल्लीनं किनाऱ्यासाठी नव्या व्यवस्थेचा मसुदा काढला. १९९१च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) नियमांचं संरक्षण जाऊन किनारा बंदरं आणि हॉटेलांना मोकळा होईल, असा मच्छीमारांचा आक्षेप होता. फोरमनं कच्छमधल्या जखाऊपासून कोलकात्यापर्यंत यात्रा काढली. २००९च्या जुलैत तो मसुदा सोडून द्यावा लागला. जानेवारी २०११च्या अधिसूचनेत तर मुंबईच्या कोळीवाड्यांची पाहणी करून नकाशे करण्याची खास तरतूद आली. सीमांकन मात्र नंतरही वर्षानुवर्षं रेंगाळलं.

मच्छीमार म्हणजे एकच गट, असंही नाही. घेर टाकून माशांचा अख्खा थवा पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारनं फेब्रुवारी २०१६मध्ये निर्बंध आणले, ते पारंपरिक मच्छीमारांच्या रेट्यामुळे. त्याविरुद्ध पर्ससीनवाल्यांनीही आंदोलनं केली. आणि प्रत्येक लढाई जिंकता येत नाही. डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं १९९८मध्ये नाकारलेलं वाढवण बंदर २०२३मध्ये त्याच प्राधिकरणाची परवानगी मिळवून परत आलं. ऑगस्ट २०२४मध्ये त्याचं भूमिपूजनही झालं. प्रकल्पाचा खर्च ७६,२२० कोटी रुपये. इतक्या रकमेपुढे किनाऱ्यावरच्या गावांचे ठराव तोकडे पडले.

खरा अन्याय पुढे आहे. कोळ्यांचा दबाव रस्त्यावर येतो, टीव्हीवर दिसतो, म्हणून त्याला विकासातला अडथळा म्हणणं सोपं जातं. दुसऱ्या बाजूचा दबाव बंद खोलीत होतो. सीआरझेडचे नियम तपासायला २०१४मध्ये शैलेश नायक समिती नेमली गेली. तिनं जानेवारी २०१५मध्ये अहवाल दिला, पण तो लोकांना पाहायला मिळाला २०१६मध्ये, केंद्रीय माहिती आयोगानं आदेश दिल्यावर. जानेवारी २०१९च्या नव्या नियमांनी शहरी किनाऱ्यावरच्या चटईक्षेत्राची १९९१च्या पातळीवर गोठवलेली मर्यादा उठवली. ज्यांच्या हातात किनाऱ्यालगतची जमीन आहे, त्यांना याचा मोठा फायदा. त्यासाठी कोण कोणाला किती वेळा भेटलं, हे सांगणारं दप्तर भारतात नाही.

अमेरिकेत आहे. तिथल्या १९९५च्या कायद्यानुसार लॉबिंग करणाऱ्याला नाव नोंदवावं लागतं. कुणासाठी, कोणत्या विषयावर, किती पैसे घेऊन, हे जाहीर करावं लागतं. त्यामुळे पैशाचा जोर कमी होत नाही, पण तो मोजता येतो. २०१२च्या डिसेंबरात याच नोंदींमुळे भारतीय संसद ढवळून निघाली. वॉलमार्टनं २००८पासून सुमारे अडीच कोटी डॉलर लॉबिंगवर खर्चले होते आणि विषयांच्या यादीत भारताची बाजारपेठही होती. सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमली. २०१३मध्ये ओडिशाचे खासदार कलिकेश सिंह देव यांनी लॉबिंग उघड करण्याचं खासगी विधेयक लोकसभेत आणलं. २०१४मध्ये ती लोकसभा संपली, तेव्हा विधेयकही कायदा न होताच संपलं.