एकच हकिकत, दुसरा घाट

केंब्रिज इंटरनॅशनलच्या ए. एस. लेव्हल इंग्रजीच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत आरंभी एक उतारा देतात, आणि त्यातील मजकुराच्या आधारे, परंतु निराळ्या लेखनप्रकारात, 150 ते 200 शब्दांचे नवे लेखन करावयास सांगतात. त्यास 10 गुण असतात; मागाहून मूळ उतारा आणि आपले लेखन यांची घाट, रचना व भाषा या दृष्टींनी जी तुलना करावयाची, तिला मात्र 15. आपण काय केले हे जाणणाऱ्यास दिलेला हा अधिक मान मला फार योग्य वाटतो.

आपल्याकडील लोकसेवा आयोगाच्या अनिवार्य इंग्रजीत सारलेखन असते. तेथे उतारा एक तृतीयांश करावा लागतो, पण सांगणारा बदलत नाही. येथे तोच बदलतो. समजा, एका मुलीने रोजनिशीत लिहिले आहे : ‘पाणी जोत्याला लागले तेव्हा आई देवघरातला दिवा पदराआड धरून माडीवर चढत होती, आणि मला मात्र गोठ्यातल्या कपिलेचे हंबरणे तेवढे ऐकू येत होते.’ हीच हकिकत बातमीदाराच्या हाती गेली म्हणजे होते : ‘पुराचे पाणी काल वस्तीत शिरले. रहिवाशांनी माड्यांवर आश्रय घेतला. गोठ्यांतील जनावरे सोडविण्यास अवधी मिळाला नाही.’ आई ‘रहिवाशां’त विरून गेली, दिवा गळाला, ‘काल’ हा शब्द नव्याने आला. गाय सुटली नाही, हे तर मुलीने कोठेच लिहिलेले नाही. ते त्या हंबरण्यावरून ताडावे लागले, आणि असे ताडता येणे हीच वाचनाची खरी परीक्षा होय. नुसते ‘मी’च्या जागी ‘ती’ घालून, माथ्यावर मथळा चढवून जे विद्यार्थी थांबतात, त्यांच्या लेखनात बातमीचा वेष असतो, परंतु सूर रोजनिशीचाच राहतो. आणि अलंकृत शब्द म्हणजे उत्तम लेखन, ही शाळेतील निबंधांनी लावलेली समजूत येथे फारच नडते.

उलट दिशेचे काम मला अधिक अवघड वाटते. अहवालाने ‘40 कुटुंबे शाळेत हलविली’ एवढे सांगून विषय संपविलेला असतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला मात्र, मूळ तपशिलाशी सुसंगत राहून, त्या एका ओळीतून वर्गातल्या फळ्याखाली अंथरलेली आपल्या घरची ओलसर गोधडी शोधून काढावी लागते.