एक वचन मोडले तर?

जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत प्रॉमिस नावाची एक योजना आहे. तिला आम्ही येथे ‘वचन’ म्हणू. दूरच्या संगणकाकडे माहिती मागितली की उत्तर तत्काळ येत नाही, आणि ही भाषा तर एका वेळी एकच काम करणारी. उत्तराची वाट पाहत ती बसून राहिली, तर पडद्यावरील सारा व्यवहार थांबेल. म्हणून ती वचन घेते व पुढे जाते. ते वचन काही काळ प्रलंबित असते. मग पाळले जाते किंवा मोडते, आणि एकदा लागलेला निकाल पुन्हा बदलत नाही.

अनेक वचने एकदम हाती आली, म्हणजे खरी अडचण सुरू होते. समजा, आठवी, नववी व दहावीचे निकाल तीन ठिकाणांहून मागविले. 2015 साली वचनांना भाषेत अधिकृत स्थान मिळाले, तेव्हाच ‘ऑल’ ही सोयही आली. तिन्ही वचने पाळली गेली, तर ती तिन्ही उत्तरे मागितलेल्या क्रमाने देते. परंतु एकट्या नववीचे वचन मोडले, की ‘ऑल’ तत्क्षणी अपयश जाहीर करते. उरलेले दोन निकाल येऊन पोचले, तरी तिच्याकडून ते आपल्याला मिळत नाहीत. एकाच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाला शिक्षा! तिन्हींची बेरीजच करावयाची असेल, तर हा न्याय ठीक. एरवी तो आम्हांला रुचत नाही.

2020 च्या आवृत्तीत ‘ऑलसेटल्ड’ आली. ती सर्व निकाल लागेपर्यंत थांबते व प्रत्येकाची हकीकत सांगते. पण शाळांतून व घरांतून जुनी यंत्रे असतात. त्यांच्यापुढे बसलेल्या मुलाने कोरा पडदा का पाहावा? नोड 10 मध्ये ही सोय नाही. तेथे प्रत्येक वचनाला आधीच स्वतंत्र ‘कॅच’ जोडावा, आणि त्यात अपयशाची नोंद करून तीच उत्तर म्हणून परत करावी. येथे एक मेख आहे. ‘कॅच’मुळे मूळ वचन बदलत नाही, नवे वचन निर्माण होते; ‘ऑल’च्या स्वाधीन ते नवेच करावयाचे.

इंटरनेट एक्सप्लोरर 11 मध्ये तर वचनेच नव्हती. अशा ठिकाणी साधी मोजणी करावी लागते. आरंभी तीन हा आकडा धरावा, प्रत्येक उत्तर त्याच्या नेमून दिलेल्या जागी ठेवावे (कारण उत्तरे क्रमाने येतीलच असे नाही) आणि दर वेळी एक वजा करावा. शून्य झाले की पुढचे काम सुरू. ही वजाबाकी अपयशाच्या वाटेवर करावयाची राहिली, तर मात्र शून्य कधीच येत नाही, आणि पडदा तसाच वाट पाहत राहतो.