सांदवाडीतली अळी चिरडू नका

आपल्या झाडीपट्टीत घरामागच्या जागेला सांदवाडी म्हणतात. वांगी-मिरचीचे वाफे, वालाचा वेल, एखादे लिंबू आणि गोडनिंब तिथे असतेच. एवढ्यावरही पाखरे आणि फुलपाखरे येतात. ती कायमची राहावीत असे वाटत असेल, तर पानावर अळी दिसली की चिरडायची, ही सवय मात्र सोडावी लागेल.

लिंबाच्या कोवळ्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला तर नीट निरखून पाहा. ती अळी असते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. काडीने डिवचली तर डोक्यामागून दोन मऊ शिंगे काढून उग्र वास सोडते, पण चावत नाही. अंड्यापासून साधारण महिन्याभरात तिचे फुलपाखरू होते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवलेली काळी-निळी राणी पाकोळीही लिंबू-बेलाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. मोठ्या झाडाची चार पाने गेली तर काही बिघडत नाही. रोप लहान असेल तर अळ्या अलगद उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात.

प्रत्येक फुलपाखराची अळी ठरावीक पानेच खाते. कुंपणाकडेची रुई आपण निरुपयोगी समजतो. पण नारिंगी-काळ्या रंगाचे एक फुलपाखरू तिच्यावरच अंडी घालते. रुईचे विष अळीच्या अंगात उतरते, म्हणून पाखरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरे बसतात खरी, पण ती परदेशातून आलेली आहे. आपल्याकडच्या बहुतेक अळ्यांना तिची पाने चालत नाहीत.

पाखरांचेही तसेच आहे. चिमणी दाणे टिपते, पण पिल्लांना अळ्या आणि किडे भरवते. शिंपी आणि दयाळ तर किड्यांवरच जगतात. सांदवाडीत विषारी औषध फवारले, की अळीबरोबर पिल्लांचा घासही जातो. तेच औषध भाजीतून आपल्या ताटात येते, ते वेगळेच.

काय लावावे?

घराजवळ लिंबू आणि गोडनिंब पुरे. जागा असेल तर थोड्या अंतरावर बेल लावावा. पळस आणि उंबर धुऱ्यावर ठेवावेत. पळस फुलला की मैना, बुलबुल, शिंजीर गोळा होतात. उंबर पिकला की आपला राज्यपक्षी हरियाल थव्याने उतरतो. उथळ परळात रोज ताजे पाणी ठेवावे.

एक सावधगिरी मात्र हवीच. आपली गावे जंगलाला लागून आहेत. घराला खेटून दाट झुडपे वाढू देऊ नयेत. साप, रानडुक्कर, बिबट यांना तिथे आडोसा मिळतो. बुंध्याजवळची जागा साफ असावी.

मृगाच्या सरी पडल्या की गोडनिंबाचे एक रोप लावा आणि त्याची राखण मुलांकडे सोपवा. कोषातून फुलपाखरू निघताना ज्या मुलाने एकदा पाहिले, ते पुन्हा अळी चिरडणार नाही.