ओटीपोटातले नऊशे दिवस

पाळी तेराव्या वर्षी येते, पन्नाशीच्या आसपास जाते. बाळंतपणं वजा केली तरी बाईच्या वाट्याला चारशेवर पाळ्या येतात, 450 धरू. दर पाळीला ओटीपोट दोनच दिवस दुखलं, तरी झाले 900 दिवस. जवळजवळ अडीच वर्षं! आणि हा हिशेब जिचं बाकी सगळं ठीक आहे तिचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या दहांपैकी एकीला एंडोमेट्रिओसिस असतो. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, अंडाशयावर किंवा आतड्यावर रुजतात. जगात अशा 19 कोटी. आता धाराशिव जिल्हा घ्या. 2011 च्या जनगणनेत इथे सुमारे 7 लाख 96 हजार स्त्रिया होत्या. निम्म्या पाळीच्या वयाच्या मानल्या, तर या एकाच आजाराच्या चाळीस हजार. एका डॉक्टरने प्रत्येकीला वीस मिनिटं दिली, रोज आठ तास, रविवार-दिवाळी न पाळता, तर रांग संपायला साडेचार वर्षं लागतील.

पण रांग लागतेच कुठे? डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या आणि 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडे छापून आले. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोग, दर बाईमागे सरासरी 3.6 आजार. आधी कधी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के.

तपासणी नाही, पण शस्त्रक्रिया मात्र होते. शेजारच्या बीडमध्ये 2019 साली 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. सहांतली एक! देशात हे प्रमाण शंभरात तीनच्या थोडं वर. धाराशिवचे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्याही, त्याच फडांवर जातात. खाडा पडला की पैसे कापले जातात, त्यामुळे अंगावर काढायचं. मग कुणीतरी सांगतं, पिशवीच काढ, कटकट गेली.

कटकट जाईलच असं नाही. दुखणं मूतखड्याचं असेल, लघवीच्या जंतुसंसर्गाचं, अंडाशयातल्या गाठीचं, अपेंडिक्सचं, नाहीतर साध्या बद्धकोष्ठाचं. गर्भनलिकांच्या संसर्गाला वेळेत गाठलं तर बहुधा 14 दिवसांच्या गोळ्या पुरतात. एंडोमेट्रिओसिसचं दुखणं पिशवी काढल्यावरही उरू शकतं.

बिनलग्नाच्या मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यायला घरचे कचरतात. सोनोग्राफी पोटावरूनही होते, हे त्यांना सांगायला हवं. ती ‘नॉर्मल’ आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाहीच, असंही नसतं. दुखल्याच्या तारखा वहीत लिहून नेल्या तर डॉक्टरचं काम निम्मं होतं. ताप, उलट्या आणि कळ एकत्र आल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाळी चुकलेली असताना एका बाजूला अचानक असह्य कळ आली, घेरी आली, तर गर्भ नळीत राहून नळी फुटलेली असू शकते. तेव्हा वहीबिही बाजूला ठेवून 108 ला फोन करायचा.