नाव पापलेटचं, ताटात रूपचंद

चाकूरपासून समुद्र चारशे किलोमीटर लांब. आपल्या घरात मासा म्हटला की तो घरणीचा, तिरूचा, मांजरेचा नाही तर गावच्या पाझर तलावाचा. मरळ, वाम, कटला, रोहू, मृगळ, झिंगे ही नावं आपल्या आज्यांना तोंडपाठ होती. मासा हातात धरून त्याचं नाव सांगता यायचं, कारण तो अख्खा, डोक्याशेपटीसकट घरात यायचा.

आता तसं राहिलेलं नाही. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या ढाब्यांवर, लग्नाच्या जेवणात, लातुरातल्या हॉटेलांत पापलेट फ्राय, सुरमई तवा, फिश टिक्का मिळतात. बाजारात बर्फाच्या पेटीतून आलेला मासा कापून, साफ करून पिशवीत मिळतो. सोय झाली, पण ओळख गेली. तुकड्याला विकणारा जे नाव देईल, तेच आपण घरी घेऊन येतो.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती पापलेटात. खरा पापलेट, म्हणजे चंदेरी पापलेट, समुद्रातला. 2023 साली महाराष्ट्राने त्याला राज्यमासा केलं. तो महाग, म्हणून त्याच्या जागी रूपचंद येतो. रूपचंद मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, आता आंध्र-बंगालकडच्या तळ्यांत वाढवलेला. आकार तसाच गोल आणि चपटा. मसाला लावून तळला की नवख्याला फरक कळत नाही. काही विक्रेते ‘गोड्या पाण्यातला पापलेट’ म्हणून विकतात, पुढे बोलण्यात ‘गोड्या पाण्यातला’ गळून पडतं.

ओळखायचं कसं? माशाचं तोंड उघडून बघा. रूपचंदला माणसाच्या दाढेसारखे दात असतात. पापलेटचं तोंड लहान, असे दात नाहीत. रूपचंदच्या पोटाखाली परांची एक जोडी असते, मोठ्या पापलेटच्या पोटाखाली ती नसतेच. रूपचंदच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, मांसाचा एक छोटा पर असतो. आणि ताज्या रूपचंदचं पोट बहुतेक वेळा तांबूस असतं.

रूपचंद खाल्ल्याने अपाय होत नाही, मासा चांगला आहे. मग नावाने एवढं काय बिघडतं? पैसा तर जातोच, पण खरी भीती काट्याची. पापलेटला मधला काटा काढला की मांस मोकळं, म्हणून आई निर्धास्तपणे दोन-तीन वर्षांच्या लेकराला भरवते, म्हाताऱ्या सासऱ्यांच्या ताटात वाढते. रूपचंदच्या मांसात बारीक, फाटे फुटलेले काटे असतात. पापलेट समजून भरवला तर काटा घशात अडकतो. अडकलाच तर कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायला देऊ नका, त्याने काटा आणखी खोल रुतू शकतो. सरळ दवाखाना गाठा.

सुरमईची गोष्ट जरा वेगळी. सुरमईचा आडवा काप गोल असतो, मधोमध मणक्याचं हाड, कडेला पातळ, चंदेरी-करडी कातडी. पांढराशुभ्र, बिनकाट्याचा, बिनकातडीचा लांबट तुकडा ‘सुरमई’ म्हणून पुढे आला तर तो बहुधा पंगास असतो. त्यालाच बाजारात बासा म्हणतात. तेही खरं तर दुसऱ्याच एका जातीचं नाव! पंगास खा, पण पंगासच्या भावाने खा. आमचं मत असं की ज्या हॉटेलच्या कार्डावर नुसतं ‘फिश फ्राय’ लिहिलंय, तिथे ‘कोणता फिश?’ हा प्रश्न ऑर्डर देण्याआधीच विचारावा.

आता मांगूर. याबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा, कारण इथे विषय नुसत्या पैशाचा नाही. देशी मांगूर हा जुना, मानाचा मासा. बिहारने त्याला राज्यमासा केलंय आणि पूर्व भारतात आजारातून उठलेल्या माणसाला तो आवर्जून खाऊ घालतात. त्याच नावावर विकला जातो थाई मांगूर. नावात थाई असला तरी मूळचा तो आफ्रिकेचा. केंद्र सरकारने 2000 साली त्याच्यावर बंदी घातली. तो मांसाहारी आणि अधाशी आहे. पुरात तळ्यातून नदीत निसटला की तिथले देशी मासे फस्त करतो. राष्ट्रीय हरित लवादानेही त्याची तळी नष्ट करायला सांगितलं. आपल्या राज्यात उजनी धरणाच्या काठी, इंदापूरच्या बाजूला, मत्स्यव्यवसाय खात्याने अशी तळी उद्ध्वस्त केली. तरी तो चोरून वाढवला जातो, कारण वाढवायला काहीच लागत नाही. खाटीकखान्याचा आणि कोंबडीच्या दुकानाचा सडका कचरा टाकला की झालं. असं खाद्य आणि असं पाणी असेल तर शिशासारखे जड धातू माशाच्या अंगात साठू शकतात. एकदा खाल्ल्याने माणूस लगेच आजारी पडेल असं नाही. पण पोटुशी बाई आणि वाढत्या वयाची लेकरं यांनी हा मासा टाळावाच.

पुष्कळांचा एक समज आहे: मासा टबात जिवंत वळवळतोय, म्हणजे ताजा आणि चांगला. मांगूरला हा नियम लागू नाही. तो हवेत श्वास घेऊ शकतो, म्हणून घाणेरड्या गढूळ पाण्यातही जगतो आणि पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहतो. ओळखायची सोपी खूण वजनाची. देशी मांगूर सहसा पाव किलोच्या आसपास, फार तर अर्धा किलो. एक-दोन किलोचा किंवा त्याहून मोठा मांगूर कुणी देशी म्हणून देत असेल तर तो नक्की थाई. आणि कापलेले तुकडे ‘मरळ’ म्हणून दिले तर कातडी बघा. मरळला खवले असतात, मिशा नसतात. मांगूरची कातडी गुळगुळीत, तोंडाला चार जोड्या मिशा. म्हणून डोकं मागून घ्यायचं. फेकायचं असलं तरी आधी बघायचं!

प्रत्येक वेळी विकणारी मावशी लबाड असते असं मात्र समजू नका. पेटीवर जे नाव येतं ते ती पुढे सांगते, आणि नावांचा गोंधळ मुळातच मोठा आहे. हलव्याला काळा पापलेट म्हणतात, पण तो पापलेटच्या कुळातला नाही. रावसाला इंग्रजी कार्डावर सॅमन लिहितात, त्याचा खऱ्या सॅमनशी संबंध नाही. कटला, रोहू, गवत्या, चंदेरा, सायप्रिनस सगळे ‘आंध्राचा मासा’ या एकाच नावाखाली विकले जातात. शास्त्रज्ञांनी आपल्या देशातल्या समुद्री मालाची तपासणी करून 2016 साली निष्कर्ष छापले, तेव्हा शंभरातले बावीस नमुने भलत्याच नावाचे निघाले. अमेरिकेतही 2013 साली ओशियाना या संस्थेने बाराशेवर नमुने तपासले, तिथे तर तिसरा हिस्सा चुकीच्या नावाचा.

नावाच्या गोंधळाने जीव धोक्यात येतो तो अॅलर्जीमुळे. आपल्या घरात सुकट नेहमीची. पण सुकट म्हणजे बारीक मासे नव्हेत, तो वाळवलेला जवळा, कोळंबीच्या जातीचा. ज्यांना झिंगे किंवा कोळंबी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो, त्यांनी सुकटीची चटणीही खाऊ नये. पाहुणचाराला गेल्यावर ‘मासा नाही हो, नुसती सुकटच आहे’ असा आग्रह होतो, तो मानू नका.

दुसरा त्रास गांधी उठण्यासारखाच दिसतो, पण तो अॅलर्जीचा नसतो. सुरमई, बांगडा, कुपा असे मासे बर्फाविना गरमीत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा त्याला पुरेसा आहे. शिजवून, तळून ते जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, खाज सुटते, उलटी-जुलाब होतात. अशा वेळी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, कोणता मासा खाल्ला? खरं नाव माहीत असलं तर उपचाराची दिशा लवकर कळते. उरलेला तुकडा टाकून देऊ नका, डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. दम लागत असेल, ओठ-जीभ सुजत असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका.

मागितलं एक आणि दिलं दुसरं, हा कायद्याने गुन्हा आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 50 खाली विकणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, छोट्या विक्रेत्याला पंचवीस हजारांपर्यंत. हॉटेलात बिल मागा आणि बिलावर माशाचं नाव लिहून घ्या, नुसतं ‘फिश’ लिहिलेलं बिल कामाचं नाही. ताटातल्या माशाचा, त्याच्या डोक्याचा आणि काट्यांचा मोबाइलवर फोटो काढा. तक्रार लातूरच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात द्यायची, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करायचा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. साध्या कागदावर, मराठीत लिहिलेला अर्ज, सोबत बिल आणि फोटो द्या.