मुंबई–लंडन विमानमार्ग : अंतर आणि प्रवासकाल

दोन विमानतळांमधील अंतरास प्रवासाच्या तासांनी भागले की विमानाचा वेग मिळतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भूगोलाच्या अध्यापनातही ती नकळत दृढ होते. मुंबई व लंडनचा हीथ्रो या दोन विमानतळांच्या संदर्भात या समजुतीचा येथे परामर्श घेतला आहे.

या दोन विमानतळांमधील किमान अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ते बृहद्वृत्ताच्या कंसावरून मोजले जाते. मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावर पट्टीने काढलेली रेषा इराणच्या आखाती किनाऱ्याजवळून व इस्तंबूलच्या परिसरातून जाते. ती सरळ दिसते खरी, पण तिची प्रत्यक्ष लांबी सुमारे ७,४०० किलोमीटर भरते. उलट, बृहद्वृत्ताचा कंस त्याच नकाशावर उत्तरेकडे फुगलेला दिसतो आणि कराची, कास्पियन समुद्राचा दक्षिण भाग, काळा समुद्र व युक्रेनमधील ओडेसा यांच्या आसपासहून जातो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखविल्यास विद्यार्थ्यांना हे तत्काळ पटते. पण पृथ्वीगोल बहुधा कपाटाबाहेर येत नाही.

हा किमान अंतराचा मार्ग विमानास मिळेलच असे मात्र नाही. पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद केलेले हवाई क्षेत्र जुलै २०१९ मध्ये खुले झाले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद करण्यात आले. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी उड्डाणांसाठी बंद झाले. म्हणजे या कंसाच्या दोन्ही भागांवर राजकारणाची छाया आहे. ७,२०० किलोमीटर ही केवळ भूमितीने दिलेली खालची मर्यादा समजावी.

प्रवासकालाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर आठ तासांत पार व्हावयास हवे. वेळापत्रकात मात्र मुंबईहून लंडनला जाण्यास साडेनऊ ते दहा तासांच्या आसपास वेळ दिलेला असतो. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांब्यावर उभे राहीपर्यंतचा संपूर्ण काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि हीथ्रोवर उतरण्यापूर्वी घालाव्या लागणाऱ्या घिरट्या हे सारे त्यात येते.

खरा भेद वारा घडवितो. समशीतोष्ण पट्ट्यात नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरहूनही वेगवान असू शकतात. विमानाचा हवेच्या सापेक्ष वेग तोच राहतो, जमिनीच्या सापेक्ष वेग मात्र घटतो किंवा वाढतो. त्यामुळे लंडनहून मुंबईस येताना सामान्यतः कमी वेळ लागतो. प्रवाशाच्या घड्याळात हा फरक नेमका उलटा भासतो, कारण हिवाळ्यात लंडनची वेळ भारताच्या साडेपाच तास मागे असते, तर उन्हाळ्यात साडेचार तास. दुपारी एक वाजता मुंबईहून निघून दहा तास उडालेले विमान हिवाळ्यात लंडनला सायंकाळी साडेपाचला पोहोचते.