विश्लेषण : ‘ताज’मधल्या गोळ्यांच्या खुणा गेल्या कुठे? नूतनीकरण झालेल्या हॉटेलात एक दिवस

कर्वेनगरात ‘हॉटेलात जाऊ’ म्हटलं की मिसळ, उत्तप्पा किंवा फार तर रविवारची पंजाबी थाळी. त्यामुळे ‘मुंबईला ताजमध्ये चहा प्यायला जाऊ’ म्हटल्यावर आई आधी हसली. मग म्हणाली, “ते जळलेलं?”

नोव्हेंबर २००८ मध्ये मी पाचवीत होतो. घुमटाखालून निघणारा धूर आम्ही सलग टीव्हीवर पाहिला होता. आईच्या डोक्यात ते हॉटेल अजून तिथेच थांबलं होतं.

सकाळच्या डेक्कन क्वीननं गेलो. ताजच्या आधी दोन मिनिटं लिओपोल्ड कॅफेत डोकावलो. १८७१ सालचा हा कॅफे. २६/११ च्या रात्री हल्ला इथेही झाला होता. काही दिवसांतच तो पुन्हा सुरू झाला आणि मालकांनी भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा मुद्दाम तशाच ठेवल्या. लोक त्यांच्याशेजारी बसून बिअर पितात, फोटो काढतात. आईला ते अजिबात आवडलं नाही.

ताजनं काय केलं?

नेमकं उलट. टॉवरचा भाग २१ डिसेंबर २००८ ला, म्हणजे महिन्याभरात उघडला. जुन्या इमारतीचं नुकसान मोठं होतं. ती सुरू व्हायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला. जवळपास २१ महिने काम चाललं आणि उद्देश एकच दिसतो : पाहुण्याला जखम दिसू नये. आत शिरताना सामान विमानतळासारखं तपासलं जातं, तेवढीच काय ती आठवण.

इंजिनीअरिंग केलेल्या माणसाचं लक्ष आधी मधल्या जिन्याकडे जातं. मध्ये खांब नाही, पायऱ्या भिंतीतून बाहेर आल्यासारख्या आणि जिना अधांतरी वर चढत जातो. १९०३ मध्ये हॉटेल सुरू झालं तेव्हाचा हा जिना. इमारतीचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम चालू असतानाच वैद्य वारले आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. ‘हॉटेल चुकून उलटं बांधलं, म्हणून आर्किटेक्टनं जीव दिला’ हा व्हॉट्सअॅपवरचा लाडका किस्सा मात्र खोटा. मूळ दार शहराच्या बाजूला होतं, जिथे आज पोहण्याचा तलाव आहे. घोडागाड्या तिकडून यायच्या आणि समोरची बाजू समुद्राकडे तोंड केलेल्या खोल्यांना मिळायची. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हताच, तो १९२४ चा.

आणि जेवण?

दुपारी गोल्डन ड्रॅगन. १९७३ मध्ये सुरू झालेलं हे रेस्टॉरंट देशातलं पहिलं सिचुआन रेस्टॉरंट म्हणून ओळखलं जातं. आपल्याकडे गाडीवर मिळणारं ‘शेजवान’ म्हणजे लाल मिरची आणि लसूण. इथे खरे सिचुआन मिरे असतात. पहिल्या घासाला काही कळत नाही, मग जिभेला मुंग्या येतात. मी पाण्याकडे हात नेला. आई शांतपणे म्हणाली, “अरे, हे तर तिरफळ.” तिचं माहेर रत्नागिरीकडचं. बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ आणि सिचुआन मिरे खरोखरच एकाच कुळातले, झँथोक्झायलम या वंशातले. वास वेगळा, पण जिभेवरचा झिणझिणाट सारखाच. दिवसभरातलं माझं सगळ्यात आवडतं ताट हेच.

हार्बर बार आणि वासाबी फक्त बाहेरून पाहिले. हार्बर बार १९३३ चा. वासाबीतल्या जपानी जेवणाचा खर्च आमच्या आवाक्यातला नाही. २९ नोव्हेंबरच्या सकाळी शेवटची चकमक झाली ती याच भागात. आज कुणी सांगितलं नाही तर समजणारही नाही.

मग पहिल्या मजल्यावरचं सी लाउंज. खिडकीतून गेटवे आणि बोटी. मुंबईतल्या कितीतरी घरांत ‘मुलगी पाहिली’ ती इथेच. चहासोबत केक, सँडविच आणि चक्क शेवपुरी, भेळही. “भेळ खायला इथवर यायचं?” असं म्हणत आईनं दोनदा घेतली. माझं मत विचाराल तर केक ठीक, भेळ आमच्याकडच्या गाडीवरची जास्त चटपटीत. पण खिडकी मात्र आमच्याकडे नाही. ती हवी असेल तर टेबल आधी फोन करून राखून ठेवा.

बिलावर १८ टक्के का?

दोघांचा चहा आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याच्या आसपास गेला. त्यात कर का वाढतो, हे समजून घ्या. नेहमीच्या हॉटेलात खाण्यावर ५ टक्के जीएसटी असतो. पण १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार ज्या हॉटेलनं मागच्या आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपेक्षा जास्त घेतलं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागतो. तुम्ही खोली घेतली नसली, नुसता चहा प्यायलात तरीही. सर्व्हिस चार्ज हा वेगळा विषय. तो कर नाही आणि सक्तीचाही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या या सूचना दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये कायम ठेवल्या. कुठल्याही हॉटेलात बिलावर तो दिसला, तर काढायला सांगता येतो.

खुणा पुसल्या, हे बरोबर की चूक? गाडीत बसेपर्यंत आमचा वाद चालू होता. माझं म्हणणं, लिओपोल्डनं जे केलं ते जास्त प्रामाणिक. आईचं म्हणणं, जिथे माणसं रोज वाढायला उभी राहतात, तिथे त्यांना रोज ते का दाखवायचं? त्या रात्री कार्यकारी शेफ हेमंत ओबेरॉय यांच्या चमूतले लोक पाहुण्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढत होते आणि त्यातले काही परत आले नाहीत, हे तिला माहीत होतं.

हॉटेलनं एक खूण मात्र ठेवली आहे. टॉवरच्या लॉबीजवळ स्मारक आहे, त्यावर ३१ नावं. निघताना आई तिथे थांबली, चष्मा लावून सगळी नावं वाचली आणि विचारलं, “यातले स्वयंपाकघरातले कोणते?”

नुसत्या नावांवरून मला सांगता आलं नाही.